वरच्या मजल्यावरची माती

त्याला सगळे वेधशाळा म्हणत. नाव स्त्रीलिंगी, मिशा पुल्लिंगी आणि अंदाज नपुंसकलिंगी. सकाळी चहाचा कप घेऊन तो वरच्या मजल्याच्या गॅलरीत बसायचा, एक डोळा आभाळाकडे, एक मोबाइलकडे, आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला हवामान वाटायचा. "आज काही नाही. कोरडं. बिनधास्त जा," असं त्याने सांगितलं की खालच्या बायका निमूटपणे दोरीवरचे कपडे काढायला पळत. इतका त्याच्या शब्दाला मान होता.

हवा हे त्याचं सर्वात लाडकं कारण होतं. चहा गार झाला, हवा बदलली. गुडघा दुखतो, हवा बदलली. मेहुण्याच्या लग्नाला गेला नाही, तेव्हासुद्धा त्याने हवेचंच नाव सांगितलं आणि मेहुण्याने ते लगेच मान्य केलं, कारण न आलेलाच बरा होता. शेतातलं भात गेलं तर मग विचारायलाच नको.

आणि भात जात होतं. दर वर्षी थोडं जास्तच.

त्याचं कारण खरं तर रोज त्याच्या पाठीला टेकायला होतं. हा जो वरचा मजला, पिस्ता रंगाचा, गॅलरीला स्टीलचा कठडा असलेला, तो कुठून आला? काही वर्षांपूर्वी वीटभट्टीवाला आला होता. गोड बोलणारा माणूस, पांढरे बूट घालून शेतात फिरायचा. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या शेताचा नुसता वरचा थर द्या. वीतभर. बदल्यात वरच्या मजल्याच्या विटा माझ्या." वेधशाळेला आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब म्हटलं होतं. तिथेच तो विरघळला. तरी वर शहाणपण करत त्याने विचारलं, "वीतभरच ना? खाली राहील ना माती?" भट्टीवाला हसला. "अहो, खाली काय, पृथ्वीच्या पोटापर्यंत मातीच आहे!"

हे त्याला पटलं. वीतभर देऊन वीट मिळते, असा हिशोब तो पुढे कित्येक दिवस लोकांना ऐकवत होता आणि स्वतःच हसत होता. लोक शेतावर घर बांधतात, याने शेताचंच घर बांधलं. आज्या-पणज्यांनी कुजवलेला पेंढा, गुरांचं शेण, गांडुळांच्या पिढ्यान्‌पिढ्या, असं सगळं भाजून, रचून, प्लास्टर मारून वर नेऊन ठेवलं. खाली शेतात उरला तो पिवळट, चिकट, मुका थर. पाऊस पडला की तो परातीसारखा पाणी धरून बसायचा आणि ऊन पडलं की भेगा पाडून तोंड वासायचा.

बांधाच्या पलीकडे त्याच्या थोरल्या बहिणीचं शेत. बापाने दोघांना अर्धं अर्धं दिलं होतं. तिच्या नवऱ्याचं सुतारकाम, शेत सगळं तिच्या अंगावर. बाई कष्टाची होती, पण गोडवा औषधालाही नव्हता. आपल्या पेंढ्याची काडी कोणाला द्यायची नाही, शेणाचं पाणी वाहून शेजाऱ्याकडे गेलं तर ती डोळ्यांत पाणी आणायची. भट्टीवाला तिच्याकडेही गेला होता. तिने त्याच्या पांढऱ्या बुटांवर शेणकाल्याची बादली ओतली. मुद्दाम नाही, असं तीच सांगते.

त्या वर्षी भात पोटरीत, लोंबी अजून पोटात असताना पावसाने दडी मारली. ऊन असं की दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसायचा. पुढे फुलोऱ्यात पुन्हा तीच गत, आणि कापणी तोंडावर आली तेव्हा न बोलावता धो धो पाऊस. नुकसान सगळ्यांचंच झालं. बहिणीच्या शेतातही दर वर्षीपेक्षा कमी भरलं, खोटं कशाला सांगा. पण तिच्या लोंब्या वाकल्या होत्या. वेधशाळेच्या लोंब्या अंगठी हरवलेल्या बोटासारख्या ताठ उभ्या. दाबून पाहिलं की आत हवा.

"बघितलंस?" बांधावर उभा राहून तो बहिणीला म्हणाला. "जगभर हेच चाललंय. तापमान वाढलंय. आपल्या हातात काय आहे, ताई?"

बहिणीने विळा थांबवला नाही. "हे ऊन तुझ्या बाजूला पडलं आणि बांधावर येऊन परत फिरलं का रे?"

"तसं नाही. तुझ्याकडं सावली येते."

"कशाची सावली?"

त्याने आजूबाजूला पाहिलं. झाड नव्हतं. "ढगाची," तो म्हणाला.

"बरं. मग त्या ढगाला म्हणावं, पुढच्या वर्षी भावाकडं जा. माझ्या मुळ्या खोल जातात, कोरडं पडलं तरी दोन आठवडे तग धरतात. तुझ्या मुळ्या खाली जायला बघतात तर खाली फरशी. जा आता, माझा पेंढा तुडवतोयस."

या सगळ्यात आत्याचं शेत आलं नसतं तर वेधशाळा आपल्या गॅलरीत म्हातारा झाला असता आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. पण आत्याचे गुडघे संपले. आत्या म्हणजे दोघांच्या बापाची बहीण, एकटी, मूलबाळ नाही, जीभ मात्र भरपूर. तिचं भाताचं खाचर सगळ्यात खालच्या अंगाला, काळंभोर. लोक त्या मातीकडे मिठाईच्या दुकानाच्या काचेकडे बघावं तसं बघत. आत्याने जाहीर केलं, "मला आता चिखलात उतरवत नाही. शेत कसायला देणार. भावाच्या पोरांपैकी एकाला. कोणाला ते बघते."

वेधशाळा त्या दिवसापासून आत्याचा झाला. सकाळी आत्याचं दूध, संध्याकाळी आत्याची औषधं. रस्त्यात भेटेल त्याला सांगे, "आत्या म्हणजे मला आईच्या जागी." इतक्या वर्षांत ती जागा रिकामी असल्याचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी बायको भात निवडत बसली होती. निवडत कसली, तूस वेगळं करता करता दाणा शोधत होती. तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "शेत मिळू दे. मग बघ. तिसरा मजला."

बायकोचा हात थांबला. "म्हणजे?"

"भट्टीवाल्याशी बोलणं झालंय. आत्याची माती म्हणजे सोनं आहे, म्हणाला. विटेला रंग असा येतो की..."

"अहो, त्या शेतात भात लावायचं का विटा?"

"अगं, वीतभरच!"

"आपल्याकडचं वीतभर गेलं तेव्हापासून मी वन्संकडनं तांदूळ आणतेय. त्या मापून देतात आणि वर दहा जणींना सांगतात. तिसरा मजला घेऊन तिथं काय खायचं? हवा?"

हे तिने बोलायला नको होतं. त्याने हवेवर तिला अर्धा तास व्याख्यान दिलं. समुद्र, बर्फ, कारखाने, सगळं आलं. त्यातलं बरंचसं खरंही होतं, हीच तर त्याच्याबद्दलची चीड आणणारी गोष्ट. खऱ्याच्या आड लपायची कला त्याला छान साधली होती.

मग गावच्या सभागृहात शेतकी खात्याच्या एक बाई आल्या. त्या माती तपासत फिरत म्हणून लोक त्यांना मातीबाई म्हणत. त्यांनी सगळ्यांना आपापल्या शेतातलं एकेक वाळलेलं ढेकूळ आणायला सांगितलं होतं. टेबलावर काचेचे ग्लास मांडले, पाणी भरलं. "जिवंत मातीचं ढेकूळ पाण्यात बराच वेळ आकार धरतं," बाई म्हणाल्या. "कुजलेला पाला, शेण, मुळं यांनी ते आतून बांधलेलं असतं. अशी माती उन्हाळ्यात ओल धरते आणि पाऊस कोसळला तरी लगेच गच्च बसत नाही. हवा आता लहरी झालीय, म्हणूनच ही माती जास्त लागणार आहे."

"बघा! हवा!" वेधशाळा मागून ओरडला. बाईंनी त्यालाच पुढे बोलावलं.

त्याने ऐटीत ढेकूळ सोडलं. ढेकळाने पाण्याला हात लावला मात्र, आणि मटकन बसलं. बघता बघता ग्लासात गढूळ खिचडी. सभागृहात कोणीतरी म्हणालं, "अरे, हे तर मालकासारखंच आहे. साहेब म्हटलं की विरघळलं!" हसून हसून खुर्च्या सरकल्या. बहिणीचं ढेकूळ शेजारच्या ग्लासात बुडबुडे सोडत, कडेने जरा झडत, पण बसून होतं. आत्या पहिल्या रांगेत पुढे वाकून बघत होती. पत्त्यांचा नवा डाव सापडावा तसे तिचे डोळे चमकत होते.

"हे बेस आहे," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "दोघांनी रविवारी माझ्या ओसरीवर या. एकेक ढेकूळ घेऊन. आज तयारी नव्हती म्हणता येईल, रविवारी कोणाला सबब नाही. ज्याचं ढेकूळ टिकेल त्याला शेत. ज्याने स्वतःची माती सांभाळली, तोच माझी सांभाळेल."

आता एखादा माणूस काय करेल? चोरी करेल. सरळ बहिणीच्या शेतातलं ढेकूळ उचलेल. वेधशाळेलाही आधी तेच सुचलं, पण त्याच्या डोक्यात जे येतं ते बहिणीच्या डोक्यात आदल्या दिवशी आलेलं असतं. ती आठवडाभर जेवणाचा डबा घेऊन बांधावर मुक्कामाला. तो जवळ आला की विचारायची, "काय रे, ढगाची सावली शोधतोयस?"

शुक्रवारी तो गॅलरीत बसून होता. पाठ भिंतीला टेकलेली. आणि तिथे, त्याच भिंतीला टेकून, त्याला साक्षात्कार झाला. ही भिंत पण आपलीच माती. इतके पावसाळे झाले, विरघळली का? नाही! का नाही विरघळली? भाजली म्हणून!

अशी बुद्धी माणसाला आयुष्यात एकदाच होते आणि त्याच्या शेजाऱ्यांना ती जन्मभर पुरते.

तो तडक भट्टीवर गेला. भट्टीवरच्या मुकादमाला म्हणाला, "एवढं एक ढेकूळ आत ठेव."

मुकादमाने ढेकळाकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं. "साहेब, वीट पाहिजे तर वीट घेऊन जा की. ही ओबडधोबड कशाला?"

"वीट नको. ढेकूळच पाहिजे. पण पक्कं."

"पक्कं ढेकूळ म्हणजे वीटच."

"तुला काय करायचंय? सरकारी काम आहे."

ढेकूळ भाजून निघालं ते गालाला रंग लावल्यासारखं लालसर. वेधशाळा घाबरला नाही. घरी येऊन त्याने त्याला चुलीतली काजळी चोळली, वरून चिखल थापला, दोन गवताची मुळं डिंकाने चिकटवली. नवरी सजवतानासुद्धा कोणी इतकी मेहनत घेत नाही. बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. तिने काही विचारलं नाही, हेच त्याने समजून घ्यायला हवं होतं. ती विचारते तोवर ठीक असतं.

रविवारी आत्याच्या ओसरीवर अर्धी आळी जमली. कामं सगळ्यांना होती, पण अशी मजा फुकट सोडणारी आळी नव्हे ती. आत्याने स्टीलची दोन पातेली मांडली. काच तिला परवडत नाही, असं ती म्हणाली. खरं तर मातीबाईंपेक्षा आपलं काहीतरी वेगळं असावं एवढंच.

बहिणीने ढेकूळ सोडलं. बुडबुडे आले. एक कड झडली, पाणी थोडं रंगलं, बाकी ढेकूळ मुळांच्या जाळीत अंग चोरून बसलं. लोकांनी माना डोलावल्या.

वेधशाळा पुढे आला. बाह्या सरसावल्या. ढेकूळ सोडलं.

टण्ण.

पातेल्याच्या बुडावर असा आवाज झाला की आत्याचं मांजर ओसरीवरून उठून गेलं.

सगळे पातेल्यात बघत होते. वरचा चिखल हळूहळू सुटला, काजळी तरंगली, एक मूळ डिंकासकट वर आलं आणि पातेल्याच्या कडेला चिकटलं. खाली लाललाल तुकडा दिसायला लागला.

"बघितलंत? कण हलला नाही!" वेधशाळा म्हणाला. छाती पुढे.

आत्याने चमचा घेतला आणि ढेकळावर मारला. टण्ण. पुन्हा मारला. टण्ण. "अरे, यात भात लावायचं का देवळाची घंटा म्हणून टांगायचं?"

"माती पक्की आहे, आत्या."

"माती नाही ही, गधड्या. वीट आहे. तू माझ्या ओसरीवर वीट घेऊन आलास."

हसण्याचा असा भडका उडाला की रस्त्यावरचा सायकलवाला उतरून आत डोकावला. बहीण पोट धरून खांबाला टेकली. वेधशाळा आभाळाकडे बघत म्हणाला, "हल्ली ऊनच असं आहे की शेतातल्या शेतात भाजतंय." त्यावर जे हसणं झालं त्याला तोड नव्हती.

मग त्याची बायको पुढे आली. हातात डबा. तिने झाकण काढलं, आतून एक पिवळट ढेकूळ काढलं आणि कोणाला न विचारता तिसऱ्या भांड्यात, आत्याच्या पाण्याच्या तांब्यातच, सोडलं. ते मटकन बसलं. सगळा तांब्या गढूळ.

"हे आमच्या शेतातलं," ती म्हणाली. "खरं. भट्टीवाल्याने खरवडून नेल्यावर जे उरलं ते. आणि आत्याबाई, तुमचं शेत यांना देऊ नका. यांना तिथून तिसरा मजला काढायचाय. बोलणं पण झालंय."

"अगं!" वेधशाळा म्हणाला.

ओसरीवरचं हसू एकदम ओसरलं. नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडणं सोपं नसतं. तांब्याची कड धरून ती तशीच उभी होती. घरी गेल्यावर काय होईल हे तिला माहीत होतं आणि बोलली नसती तर दोन वर्षांनी त्या काळ्या शेतात काय उरेल तेही.

आत्याने वाकून तांब्यात पाहिलं. "माझा पाण्याचा तांब्या घाण केलास," ती म्हणाली. मग म्हणाली, "शेत तुला."

बहीण खांबापासून सुटी झाली. "आत्या! ढेकूळ माझं टिकलं!"

"टिकलं ना? मग तुझ्याकडं चांगली माती आहे. कर तीच. हिच्याकडं काय आहे? हा आहे." आत्याने चमच्याने वेधशाळेकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. "पण ऐक गं, माझ्या शेतातलं एक घमेलंभर जरी बाहेर गेलं ना, तर दुसऱ्या दिवशी शेत परत घेईन. आणि तुझ्या त्या खरवडलेल्या तुकड्यालाही शेणखत घालायचं. दर वर्षी. माझ्या गोठ्यातलं ने."

"घालीन."

"आणि वाहील कोण?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. अख्ख्या आळीने पाहिलं. आभाळ निरभ्र होतं, तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तो बघत राहिला.

बहिणीचा रुसवा महिनाभर टिकला. तिच्या मते आत्याचा निकाल म्हणजे पंचांची बेइमानी होती, आणि ती ज्याला-त्याला ढेकळाची खपली दाखवत फिरायची. पण लावणीला ती आली, वहिनीला चिखलात कुठे पाय ठेवायचा ते शिव्या देत देत शिकवलं, आणि पेंढ्याचे दोन भारेसुद्धा दिले. मोजून. नंतर दहा जणींना सांगितलं.

वेधशाळा शेणाची टोपली वाहत होता. डोक्यावर टोपलं, त्यातून मानेवर ओघळ, आणि समोरून कोणी आलं की चेहरा असा की जणू हा प्रयोग त्यानेच सुचवला. "सेंद्रिय," तो म्हणायचा. "जगभर आता हेच." लोक बाजूला होऊन त्याला जाऊ देत. मान म्हणून नव्हे, वासामुळे.

त्या वर्षीही हवेने दया केली नाही. भर फुलोऱ्यात तसंच ऊन. त्याच्या जुन्या तुकड्यात पुन्हा पोचटच जास्त, शेणखत एका वर्षात जादू करत नाही. आत्याच्या शेतात मात्र लोंब्या खाली वाकल्या. दर वर्षीइतक्या नाही, पण वाकल्या. बायकोने पहिला तांदूळ शिजवला तेव्हा नणंदेला वाटीभर पाठवला. मापून नाही, शीग लावून. नणंदेला तो अपमान पुढचे सहा महिने पुरला.

कापणी होऊन शेत मोकळं झालं आणि एका सकाळी भट्टीवाल्याची ट्रॉली खाचराच्या तोंडाशी आली. ड्रायव्हरने हॉर्न मारला. वेधशाळा तिथेच होता. बोलणं झालेलं होतं, ते रद्द झाल्याचं सांगायची हिंमत झालेली नव्हती. जुन्या सवयीने त्याचा हात वर गेला. ये, ये, आत ये.

ट्रॉलीचं पुढचं चाक बांधावर चढलं, तेवढ्यात शेताच्या दुसऱ्या टोकाला त्याला बायको दिसली. खांद्यावर फावडं. ती पळत नव्हती. चालत येत होती, सरळ रेषेत, आणि तिच्या मागून, कुठूनशी उगवल्यासारखी, बहीण.

वेधशाळेने एकदा दोघींकडे पाहिलं, एकदा ड्रायव्हरकडे. मग तो झटकन ट्रॉलीच्या मागे गेला आणि दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, "मागं घे! मागं! येऊ दे... येऊ दे... डावीकडं काप... येऊ दे अजून... अरे, त्या काळ्या मातीवर चाक नको, सांभाळून! येऊ दे..."